रोवणा गुरुवारी, तर ट्रॅक्टर आजच : प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकतानाचे माझे सहा महिने

मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, घरी तीन एकर धानाची शेती. मागच्या जूनपासून डिसेंबरपर्यंत मी एनपीटीईएलवरचा (आयआयटीतल्या प्राध्यापकांचे कोर्स ऑनलाइन शिकवणारा सरकारी उपक्रम) प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा बारा आठवड्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि त्याचे क्रेडिट कॉलेजात जमा करून घेतले. सुरुवातीला कुठं काय भरायचं, कशाची फी, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे सांगणारं जवळ कुणीच नव्हतं. म्हणून सगळं झाल्या क्रमानं लिहिते आहे.

जूनच्या शेवटी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. एनपीटीईएलचा एक कोर्स पूर्ण केला तर त्या बदल्यात एक ऐच्छिक विषय सोडता येईल, असं त्यात होतं. प्रोजेक्ट म्हणजे शेवटच्या वर्षी गटानं करतात आणि सोनेरी अक्षरांची बाइंडिंग करून देतात ते, एवढीच माझी समजूत. त्याचं मॅनेजमेंट शिकायचं म्हणजे मोठ्या कंपनीतल्या साहेब लोकांचं काहीतरी असेल असं वाटलं. तरी २८ जूनला नाव नोंदवलं, कारण नोंदणीला पैसे लागत नव्हते.

पहिली खूणगाठ इथंच बांधा. कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं वेगळं. पहिलं फुकट असतं. दुसऱ्याला फी लागते, तो फॉर्म काही आठवड्यांनी उघडतो आणि ठरल्या तारखेला बंद होतो. आमच्या वर्गातल्या दोघींनी बाराही आठवडे मन लावून अभ्यास केला, पण परीक्षेचा फॉर्म राहून गेला. त्यांना सर्टिफिकेट मिळालं नाही. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

जुलैच्या चौथ्या आठवड्यात व्याख्यानं सुरू झाली. आयआयटीतले सर इंग्रजीत भराभर बोलायचे. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक व्हिडिओ तीन-तीनदा पाहिला आणि रडकुंडीला आले. मग कळलं की व्याख्यान जसंच्या तसं लिहिलेलं पीडीएफमध्ये मिळतं. ते आधी वाचायचं, न कळलेल्या शब्दांखाली रेघ ओढायची आणि मग व्हिडिओ लावायचा. या एका बदलानं अर्धी भीती गेली. आमच्याकडे घरात रेंज येत नाही, धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) मोहाखाली येते. त्यामुळे आठवड्याचे सगळे व्हिडिओ मी कॉलेजातच उतरवून घ्यायची.

दर आठवड्याला एक असाइनमेंट असते, पर्याय निवडायचे प्रश्न. आमच्या कोर्सची मुदत बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत असायची. मुदतीच्या आत कितीही वेळा उत्तरं बदलून पुन्हा पाठवता येतात, शेवटचं पाठवलेलं धरतात. म्हणून रविवारीच एकदा जमेल तसं पाठवून ठेवायचं आणि बुधवारपर्यंत सुधारत राहायचं. बारांपैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी घेतात, तिला २५ टक्के वजन. उरलेलं ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात.

पहिले दोन आठवडे कामाचे तुकडे पाडण्यात गेले. मोठं काम घ्यायचं, त्याचे भाग करायचे, भागांचे उपभाग, आणि एका माणसाला नेमून देता येईल, त्याचा वेळ आणि खर्च सांगता येईल इतका लहान तुकडा हाती आला की थांबायचं. याला डब्ल्यूबीएस, म्हणजे वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर म्हणतात. हे जमलं. तिसऱ्या आठवड्यात नेटवर्क आणि क्रिटिकल पाथ सुरू झालं आणि मी अडले.

कोणतं काम कोणत्या कामावर अवलंबून आहे ते बाणांनी जोडायचं. पहिल्या दिवसापासून पुढं मोजत गेलं की प्रत्येक काम लवकरात लवकर कधी सुरू होईल ते कळतं. हा फॉरवर्ड पास, तो मला येत होता. मग शेवटाकडून मागं मोजत यायचं, तो बॅकवर्ड पास. हा काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. काम तर पुढं जातं, मग मागून कशाला मोजायचं? सूत्र पाठ होतं, उत्तर दर वेळी चुकायचं.

त्या जुलैत पावसानं ओढ दिली होती. पऱ्हे (धानाची रोपं) वाढून पिवळे पडायला लागले तरी बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) पाणी नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी रात्री पाऊस कोसळला. सोमवारी सकाळी बांध्या तुडुंब. मी सुट्टी घेऊन घरीच होते, ओट्यावर वही घेऊन बसलेली. आई काकीकडून आली. काकी म्हणजे आमच्या गावातल्या रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या बायांची मुकादम. बाया गुरुवारपासून मोकळ्या आहेत असं तिनं सांगितलं होतं. आईनं पदरानं हात पुसले आणि बाबांना म्हणाली,

"गुरुवारी रोवणा लावाचा हाये, त बुधवारी शेवटचा चिखल झालाच पाह्यजे. चिखलाच्या आधी खत पडाव लागते, त खत मंगरवारी घरी. दोन दिवसाचा चिखल हाये, मंगरवारी सकारीच ट्रॅक्टर बांधीत उतरला पाह्यजे. मंग ट्रॅक्टरवाल्याले आजच सांगा लागते. उद्या सांगून चालत नाही."

मी पेन खाली ठेवला. आई गुरुवारपासून मागं मोजत होती. कोणतं काम उशिरात उशिरा कधी सुरू केलं तरी गुरुवार चुकणार नाही, हाच तिचा हिशोब. जे काम आज केलंच पाहिजे ते तिनं वेगळं काढलं आणि बाबा चहा अर्धा टाकून ट्रॅक्टरवाल्याकडे गेले. बॅकवर्ड पास हाच, याहून वेगळं त्यात काही नाही.

त्याच दिवशी मी आमच्या खरिपाचं नेटवर्क काढलं, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर. पऱ्हे टाकल्यापासून उपटण्याजोगे व्हायला २५ दिवस. दुसरीकडे धुरे दुरुस्त करायला ४, त्यानंतर नांगरटीला ३, मग चिखलणीला २, असे ९ दिवस. रोवण्याला दोन्ही वाटा पूर्ण व्हाव्या लागतात आणि रोवण्याचे ४. लांब वाट पऱ्ह्यांची, २५ अधिक ४, म्हणजे २९ दिवस. सगळ्यांत लांब वाटच एकूण दिवस ठरवते, ती क्रिटिकल पाथ. धुरे ते चिखलणी या वाटेला २५ वजा ९, म्हणजे १६ दिवसांची सवड. या सवडीला फ्लोट म्हणतात.

कागद आईला दाखवला. सोळा दिवस सवड आहे म्हणून चिखल आधीच करून ठेवायचा का, असं मी विचारलं. ती म्हणाली, चिखल करून ठेवला की बसते, घट होते, मग रोवताना बोट शिरत नाही. म्हणजे हे काम लवकरात लवकर करून चालत नाही, ते उशिरात उशिरा, रोवण्याला लागूनच करायचं असतं. माझ्या कागदावर ते दिसत नव्हतं. तेव्हापासून कोणतंही नेटवर्क काढलं की ते काम प्रत्यक्ष हातानं करणाऱ्या माणसाला दाखवायचं, ही सवय मी लावून घेतली.

आणखी एक दिसलं. कागदावर लांब वाट पऱ्ह्यांची, पण पऱ्हे तर जुलैतच तयार होते. प्रत्यक्षात सगळं अडलं पाण्यासाठी. क्रिटिकल पाथ एकदा काढला की तोच शेवटपर्यंत राहतो असं नाही, काम सुरू असताना तो बदलतो. पुस्तकात हे वाक्य एका ओळीत आहे. मला ते पिवळे पडलेले पऱ्हे पाहून कळलं.

मग मी काकीकडे गेले. गावातली चौदा घरं तिच्या बायांच्या भरवशावर, सगळ्यांच्या बांध्यांत एकाच रात्री पाणी आलेलं आणि बाया त्याच. कुणाचा रोवणा आधी, हे ती कसं ठरवते? मला वाटलं होतं नात्यागोत्यावर असेल. ती म्हणाली, "वरच्या बांधीतलं पानी दोन दिवसांत उतरते वं पोरी. खालच्या बांधीले आठ दिवस काही होत नाही. ज्याचं पानी आधी पळते त्याचा रोवणा आधी." माणसं मर्यादित असतील तर ज्या कामाला सवड कमी ते आधी घ्यायचं, हा नियम पुढं सातव्या आठवड्यात आला. तोवर तो मला माहीत झाला होता. काकी चौथी शिकलेली आहे. तिच्या डोक्यातलं हे वेळापत्रक पाहून मला तिच्याबद्दल जो आदर वाटला तो अजून तसाच आहे.

क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांत तयार झाली, आणि पर्ट ही तशीच दुसरी पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. परीक्षेत यावर प्रश्न येतात, साल आणि नाव पाठ ठेवा. पर्ट मात्र समजून घेण्यासारखं आहे. ज्या कामाचा वेळ नक्की सांगता येत नाही त्याचे तीन अंदाज घ्यायचे, सगळं नशिबानं झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि वाईटात वाईट झालं तर. मधल्याला चारनं गुणायचं, तिन्हींची बेरीज करून सहानं भागायचं. पऱ्हे तयार झाल्यावर बांधीत पाणी भरायला किती दिवस लागतील? मी बाबांना विचारून लिहिलं, २, ५ आणि २०. दोन, अधिक वीस, अधिक वीस, बेचाळीस भागिले सहा, म्हणजे ७ दिवस. नेहमीचा अंदाज पाचाचा असूनही धरायचे सात, कारण वाईट बाजू फार लांब पसरलेली आहे. आपल्याकडे पावसाचा हिशोब पाचाचा धरतात आणि पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसतात. प्रमाण विचलन, म्हणजे अंदाज किती मागंपुढं होऊ शकतो याचं माप, काढायला सगळ्यांत मोठ्या अंदाजातून लहान वजा करून सहानं भागायचं, इथं ते ३ येतं.

काम लवकर उरकायचं तर पैसे मोजावे लागतात, त्याला क्रॅशिंग म्हणतात. आमचा रोवणा दहा बाया, चार दिवस, ३०० रुपये रोज, म्हणजे १२,००० रुपये. दोनच दिवसांत करायचा तर वीस बाया, त्यातल्या अर्ध्या शेजारच्या गावाहून, सगळ्यांना रोज ३५० आणि गाडीभाडं १,०००, एकूण १५,०००. दोन दिवस वाचवायला ३,००० जास्त, दिवसाला १,५००. ज्या कामात हा आकडा कमी ते आधी घाईत करायचं, पण ते काम क्रिटिकल पाथवरचंच हवं. ज्याला सवड आहे ते काम घाईत उरकून एक दिवसही वाचत नाही, पैसे मात्र जातात. या प्रश्नाला परीक्षेत हमखास गुण असतात.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा जोराचा पाऊस झाला. गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडल्याची बातमी आली. आमच्या रस्त्यावरच्या नाल्याला पाणी आलं, दोन दिवस वाट बंद, लाइन गेलेली, मोबाइल बंद पडलेला. त्या बुधवारची सहावी असाइनमेंट बुडाली. मी फार बेचैन झाले. मग आठवलं, बारांतल्या आठच धरतात. चारांची सवड होती, त्यातली एक गेली. गावात राहणाऱ्यांनी ही चार आळसात घालवू नयेत, पुरासाठी आणि तापासाठी राखून ठेवावीत.

सप्टेंबरात परीक्षेचा फॉर्म भरला. फी १,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी, माझ्या मैत्रिणीनं जात प्रमाणपत्र जोडून ५०० भरले. ओबीसींना सवलत नाही, मी पूर्ण भरले. फोटो आणि सहीची फाइल ठरलेल्या मापाचीच लागते, ती आधी तयार ठेवा. नाव जसं टाइप कराल तसंच सर्टिफिकेटवर येतं, म्हणून मार्कशीट समोर ठेवूनच भरा. माझे पैसे खात्यातून गेले आणि फॉर्मवर "पेंडिंग" दिसत राहिलं. घाबरून मी दुसऱ्यांदा भरायला निघाले होते, पण कॉलेजात या कोर्सचं काम पाहणाऱ्या मॅडमनी थांबवलं. तीन दिवसांनी आपोआप नोंद झाली. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा आणि तीन-चार दिवस दम धरा. परीक्षेसाठी शहर नागपूर निवडलं.

नववा-दहावा आठवडा अर्न्ड व्हॅल्यूचा. किती पैसे खर्च झाले आणि किती दिवस गेले एवढंच पाहायचं नाही, खर्च झालेल्या पैशांत किती काम पदरात पडलं ते मोजायचं. आमच्या निंदणाचं उदाहरण घेतलं. तीन एकर, सहा दिवस, ६,००० रुपये. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ३,००० खर्च झाले होते. अर्धे दिवस, अर्धे पैसे, बाबा निश्चिंत. पण निंदण झालं होतं एकच एकर, म्हणजे २,००० रुपयांचं काम. दोन हजार भागिले तीन हजार, ०.६७, म्हणजे रुपयामागं ६७ पैशांचंच काम. या वेगानं पूर्ण निंदण ९,००० ला जाणार, हे तिसऱ्याच दिवशी कळलं. एक बांधी सोडून बाकीचं आम्ही घरच्यांनीच निंदलं.

हे शिकताना गोसेखुर्द डोक्यातून जाईना. आमच्या तालुक्यातलं हे धरण. १९८३ मध्ये ३७२ कोटींची मंजुरी, २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, आणि पुढं सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. पहिला आकडा आणि शेवटचा आकडा शेजारी शेजारी लिहिले तेव्हा हातच थबकला. खर्च वाढण्यात महागाई आहे, भूसंपादन आहे, वाढत गेलेलं काम आहे, एका कारणावर बोट ठेवता येत नाही. पण माझ्या आत्याचं गाव बुडितात गेलं. घर हलवायचं, गुरं हलवायची, देऊळ हलवायचं, नव्या जागेत पाणी यायचं, शाळा सुरू व्हायची, ही सगळी कामं आहेत. प्रत्येकाला दिवस लागतात आणि प्रत्येक काम दुसऱ्या कशावर तरी अडलेलं असतं. मी सिव्हिलची आहे, उद्या मीही अशा कामावर असेन. माझ्या डब्ल्यूबीएसमध्ये भिंतीच्या काँक्रीटइतक्याच बारकाईनं आत्याच्या गोठ्याचीही ओळ असली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. बाराव्या आठवड्याच्या टिपणात मी ते लिहून ठेवलं आहे.

परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. हलका धान कापणीला आलेला, घरी प्रत्येक हात हवा होता. शनिवारी दुपारपर्यंत कडपे (कापलेल्या धानाचे पुंजके) गोळा केले आणि भिवापूर-उमरेड मार्गे एसटीनं नागपूरला मावशीकडे गेले. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचे मिळून दीडशेच्या आसपास लागले. हॉलतिकिटाची छापील प्रत आणि मूळ आधार कार्ड, दोन्ही हवंच. मोबाइलमधला फोटो दाखवणाऱ्या एका मुलाला दारात थांबवलं होतं. तीन तास, संगणकावर. हाताला धानाच्या काडीचे ओरखडे होते आणि माउस धरताना ते चुरचुरत होते. नेटवर्कचे प्रश्न आले की मी मनातल्या मनात आईसारखं मागून मोजलं. थिअरीत बरेच चुकले, संज्ञांची पाठांतरं कमी पडली. संज्ञांसाठी शेवटचे चार दिवस राखून ठेवायला हवे होते.

निकाल डिसेंबरात लागला. असाइनमेंटचे २५ पैकी २०, परीक्षेचे ७५ पैकी ३८, एकूण ५८. सर्टिफिकेट ऑनलाइनच मिळतं, पवनीला २० रुपयांत रंगीत प्रिंट काढली. सगळा खर्च जोडला तर फी, प्रवास, जादा डेटा आणि झेरॉक्स मिळून चौदाशेच्या आतबाहेर.

क्रेडिटचं काम मात्र रखडलं. अर्ज, सर्टिफिकेटची प्रत, कोर्सचा अभ्यासक्रम, विभागप्रमुखांची सही, मग परीक्षा विभाग. पहिला अर्ज कुठल्या तरी फायलीत गेला आणि सापडलाच नाही. दुसऱ्यांदा दिला तेव्हा पोच म्हणून दुय्यम प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. ही पोच पहिल्याच वेळी घ्यायला हवी होती. दोन चकरा अशाच गेल्या, "साहेब मीटिंगला गेले" म्हणून. तिसऱ्या वेळी मी वहीत या कामाचंही नेटवर्क काढलं, कुणाची सही कुणाच्या सहीवर अडली आहे ते. सगळं एका बाईंच्या टेबलावर अडलं होतं आणि त्या फक्त मंगळवारी-गुरुवारी बसायच्या. गुरुवारी सकाळी दहाला जाऊन बसले. दुपारी तीनला ३ क्रेडिटची नोंद झाली.

आता जानेवारीच्या सत्राची नोंदणी सुरू आहे. आमच्या गावातल्या दोन मुली आणि शेजारच्या गावातला एक मुलगा यंदा करताहेत. रविवारी ते आमच्या ओट्यावर येतात. परवा पहिलं नेटवर्क काढायला बसलो तेव्हा त्यांनी उन्हाळी धानाचं घेतलं. थंडीत पऱ्हे किती दिवसांत येतात यावर तिघांचे तीन आकडे. आई आत भाकरी करत होती. मुलं कागद घेऊन तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसली.